कमल रणदिवे आणि उंदरातला कर्करोग

पेट-सीटी हा शब्द नागपुरात आता नवा राहिलेला नाही. घरात कुणाला कर्करोग झाला की तो कानावर येतोच. हीच तपासणी उंदरांचीही करतात, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. त्यामागची गरज समजून घ्यायची, तर कमल रणदिवे यांचे काम पाहायला हवे.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, ही त्यांची इच्छा. मुलीने यातले काहीच केले नाही. ती संशोधक झाली आणि १९३९ मध्ये लग्न केले ते गणिती जे. टी. रणदिवे यांच्याशी.

मुंबईत टाटा मेमोरिअलमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएचडी मिळवली. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र, शिकून त्या परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली तशी पहिली प्रयोगशाळा उभी केली.

त्यांचा मुख्य विषय स्तनाचा कर्करोग. बाईच्या शरीरात तो वाढायला कित्येक वर्षे लागतात. उंदराचे सारे आयुष्यच दोन-तीन वर्षांचे. शिवाय उंदरांत हा रोग मादीच्या दुधातल्या विषाणूतून पिल्लांकडे जातो. विषाणू, संप्रेरके आणि आनुवंशिकता यांचा गाठीशी संबंध कसा, हे कमलताईंनी उंदरांवर तपासले. पण गाठ आत कशी वाढते हे पाहायचे तर उंदीर मारून, ऊतीचे पातळ काप रंगवून ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावे लागत. त्यामुळे एका उंदराकडून एकाच दिवसाची माहिती मिळे. पुढच्या आठवड्यासाठी दुसरा उंदीर. त्याच उंदराचे पुढे काय झाले असते, हे कळायला मार्ग नव्हता.

१९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. उतारवयात त्या अकोले तालुक्यातील (आपले अकोला नव्हे, नगर जिल्ह्यातले) आदिवासी मुलांच्या पोषणासाठी झटल्या. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांची संस्था पुढे टाटा मेमोरिअल केंद्राचा भाग झाली आणि खारघरला हलली. आज ती ॲक्ट्रेक म्हणून ओळखली जाते. तिथे लहान प्राण्यांसाठी स्कॅनर आहेत. माणसाच्या पेट यंत्राला चार-पाच मिलिमीटरपेक्षा लहान गोष्ट नीट दिसत नाही आणि उंदराचा अख्खा मेंदूच जेमतेम सेंटिमीटरभर, म्हणून वेगळे यंत्र लागते. भूल दिलेल्या उंदराचा सीटीने सांगाडा दिसतो, पेटने किरणोत्सारी साखर कुठे जास्त खपते ते कळते. दोन चित्रे एकमेकांवर ठेवली की गाठ कुठे आहे आणि किती जोमात आहे, दोन्ही समजते. पेशींत काजव्याचे जनुक घातले, तर त्या अंधारात मंद चमकतात, तेही टिपता येते. औषध देऊन पंधरा दिवसांनी तोच उंदीर पुन्हा यंत्रात ठेवता येतो.

दिसलेली गाठ नेमकी कोणत्या पेशींची, हे ठरवायला मात्र शेवटी कापच काढावा लागतो.