कोटितीर्थाकाठचा चित्रकार : आबालाल रहिमान

राजर्षी शाहू महाराजांचे नाव आपल्या शाळेत शिकलेल्या कोणालाही नवे नाही. १९०२ चा राखीव जागांचा हुकूम, १९०६ चे मुस्लिम बोर्डिंग, १९०८ चे मिस क्लार्क बोर्डिंग, १९२० ची माणगाव परिषद हा इतिहास आम्ही वर्गात शिकवतो. परंतु याच राजाने एका अबोल चित्रकारालाही सांभाळले, हे पाठ्यपुस्तकात येत नाही.

आबालाल रहिमान कोल्हापूरचे. घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती सजवण्याची परंपरा होती. अक्षराचे वळण आणि बोटांचा संयम त्यांना घरातूनच लाभला असावा. पुढे ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले. पाश्चात्त्य पद्धतीचे रेखाटन त्यांनी तेथे इतके पक्के केले की मुंबईत राहून नाव आणि पैसा मिळवणे त्यांना कठीण नव्हते. ते मात्र कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला.

त्यांचे मन रमले ते कोटितीर्थाच्या तळ्याकाठी. रंकाळा, पंचगंगेचा घाट, झाडांखालची सावली हेच त्यांचे विषय. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो. जेथे ऊन हवे तेथे कागद कोरा राखावा लागतो, आणि एकदा गडद झालेली जागा पुन्हा उजळत नाही. म्हणजे प्रकाश कोठे ठेवायचा, हे कुंचला टेकवण्याआधीच ठरवावे लागते. आबालालांच्या उत्तरकाळातील चित्रांत बारीक तपशील गळून पडतात, फटकारे मोकळे होतात आणि पाण्यावरचा उजेड तेवढा उरतो. त्याच सुमारास फ्रान्समध्ये क्लोद मोने आपल्या बागेतल्या तळ्याची चित्रे काढत होता. आबालाल त्या वाटेवर आले ते आपल्याच गावचे पाणी न्याहाळून, असे मला वाटते. चित्रे विकण्याची त्यांना ओढ नव्हती. राहणी फकिरी होती.

६ मे १९२२ रोजी महाराज निवर्तले. त्या दुःखाच्या भरात आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडवली, असे कोल्हापुरात आजही सांगितले जाते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे थांबावेसे वाटते. महाराजांनी वसतिगृहे संस्था म्हणून उभी केली, त्यामुळे ती त्यांच्यामागे चालली. आबालालांच्या चित्रांना मात्र एका माणसाच्या जिव्हाळ्याखेरीज घर नव्हते. तो माणूस गेला आणि कागद निराधार झाले.

१९३१ मध्ये आबालालांचे निधन झाले. बाबूराव पेंटर आदी कोल्हापूरच्या पुढील कलावंतांनी त्यांना गुरुस्थानी मानले. वाचलेली काही चित्रे कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहेत. वर्ध्याहून सहल नेणे दूरचे खरे. पण पन्हाळा, ज्योतिबा पाहणाऱ्या पालकांनी तेथे तासभर काढावा आणि मुलांना त्या चित्रांतला कोरा कागद शोधायला सांगावे.