पुमाच्या हल्ल्यातून वाचलेल्या मोरेनोंनी उद्यानासाठी जमीन दिली, पण पुमाचं पुढे काय झालं?
फ्रान्सिस्को मोरेनो यांचा जन्म १८५२ चा, ब्युनोस आयर्सचा. पॅटागोनियाचा शोध घेत हिंडताना १८७७ मध्ये एका नदीकाठी पुमाच्या मादीनं त्यांच्यावर झडप घातली. ते वाचले. नदीला नाव पडलं ला लिओना, म्हणजे सिंहीण.

सरकारनं सेवेबद्दल दिलेल्या जमिनीपैकी सुमारे ७,५०० हेक्टर त्यांनी १९०३ मध्ये देशाला परत दिली. ती निसर्ग उद्यान म्हणून राखली जावी, ही अट होती. १९३४ मध्ये तिथे नाहुएल हुआपी राष्ट्रीय उद्यान झालं. ते पाहायला मोरेनो नव्हते. १९१९ मध्येच ते गरिबीत वारले.

उद्यानात पुमाला संरक्षण मिळालं. पण पुमाला हद्द कळत नाही. बाहेर मेंढ्यांचे कळप आहेत आणि मालकांच्या बंदुकाही. काही प्रांतांनी तर पुमा मारण्यासाठी बक्षिसं दिली. मोरेनोंनी सुरू केलेलं काम उद्यानाच्या हद्दीवरच अडलंय.