पगार 75 रुपये, करार 20 वर्षांचा: गोखल्यांनी फर्ग्युसन कधी सोडलं?

गोपाळ कृष्ण गोखले म्हणजे महात्मा गांधींचे राजकीय गुरू, हे आपण शाळेत शिकतो. पण त्याआधी ते पुण्यात प्राध्यापक होते, तेही एका अर्थाने करारावर.

डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य 20 वर्षं सेवेचं वचन देत. पगार महिना 75 रुपये. म्हणजे नाव 'आजीव', पण मुदत ठरलेली! लोकमान्य टिळक मतभेदांमुळे 1890 मध्येच बाहेर पडले. गोखले मात्र टिकले. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, जे वाट्याला आलं ते शिकवलं. फर्ग्युसन कॉलेजसाठी वर्गणी मागत दारोदार फिरले. एकीकडे काँग्रेस आणि मुंबईचं कायदेमंडळही सुरूच होतं. ही ओढाताण सोपी नव्हती.

1902 मध्ये मुदत संपत आली आणि गोखल्यांनी कॉलेजचा निरोप घेतला. वय जेमतेम 36. त्याच वर्षी ते फिरोजशहा मेहतांच्या जागी कलकत्त्याच्या केंद्रीय कायदेमंडळात गेले होते. तिथे अर्थसंकल्पावरच्या पहिल्याच भाषणात त्यांनी मिठावरच्या करावर बोट ठेवलं. गणिताचा प्राध्यापक आता सरकारचे आकडे तपासत होता.

1905 मध्ये त्यांनी भारत सेवक समाज काढला. तिथेही नव्या सदस्यांना 5 वर्षं उमेदवारी करावी लागायची.