पास्कल आणि आमच्या गाडीचा ब्रेक

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठी विभागासाठी लिहायचं म्हटल्यावर आधी घामच फुटला. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाल या भरवशावर लिहिते आहे. विषय आहे ब्लेझ पास्कल. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पहिल्याच चॅप्टरमध्ये भेटणारा, डेफिनिशन लिहून झाली की आपण ज्याला विसरतो, तोच. मीही विसरले होते. आठवण करून दिली ती आंबा घाटाने.

दिवाळीच्या सुट्टीत बाबांच्या वीस वर्षं जुन्या हॅचबॅकमधून आम्ही कोल्हापूरहून रत्नागिरीला आजीकडे निघालो होतो. घाट उतरताना बाबांचा पाय सारखा ब्रेकवर. निम्म्यात पेडल अचानक मऊ पडलं आणि पार तळाला टेकलं. बाबांनी खालचे गिअर टाकत, हँडब्रेक ओढत गाडी कशीबशी डोंगराच्या बाजूला उभी केली. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा पहिल्यासारखं कडक! बिघडलेली वस्तू आपोआप नीट कशी झाली, हे मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असून मला सांगता येईना. लाज वाटली. हॉस्टेलला परतल्यावर पुस्तक उघडलं आणि नियमाआधी माणसाचंच चरित्र वाचत बसले.

पास्कलचा जन्म 19 जून 1623 चा, फ्रान्समधल्या क्लेरमाँ गावचा. तो तीन वर्षांचा असतानाच आई गेली. वडील एतिएन सरकारी अधिकारी आणि गणिताचे चांगले जाणकार. त्यांनी मुलाला घरीच शिकवलं, पण आधी भाषा पक्क्या व्हाव्यात म्हणून गणिताची पुस्तकं कुलपात ठेवली. परिणाम उलटाच झाला. बाराव्या वर्षी पोरगं जमिनीवर कोळशाने आकृत्या काढत बसलेलं सापडलं. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन होते, इथपर्यंत ते स्वतःच पोचलं होतं. ही हकिगत त्याच्या बहिणीने, जिल्बेर्तने लिहून ठेवली आहे.

पुढे वडिलांची रूआँ शहरात करवसुलीच्या कामावर नेमणूक झाली. रात्र रात्र बेरजा करून ते थकायचे. ते बघून पास्कलने 1642 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, दातेरी चाकांचं बेरीज करणारं यंत्र करायला घेतलं. एक मॉडेल जमेना म्हणून दुसरं, असं करत पन्नासेक मॉडेल्स झाली. तीन वर्षं लागली. यंत्र महाग पडलं, खपलं फार थोडं. पण सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल कॉपी करणाऱ्या आपण सगळ्यांनी हा पन्नासचा आकडा लक्षात ठेवावा.

मग त्याने हवेचा दाब मनावर घेतला. हवेला वजन असेल तर डोंगरावर नळीतला पारा खाली यायला हवा. स्वतःची तब्येत कायम नाजूक, म्हणून त्याने मेहुण्याला गळ घातली. 19 सप्टेंबर 1648 रोजी मेहुणा पारा आणि नळ्या घेऊन प्वी द दोम या डोंगरावर चढला. पायथ्याशी एक नळी तशीच ठेवून तिच्यावर दिवसभर माणूस बसवला होता. वर पारा सुमारे आठ सेंटिमीटर उतरला, खालचा जागचा हलला नाही. आज दाबाच्या युनिटला पास्कल म्हणतात ते उगाच नाही.

याच कामातून पुढे द्रवांचा समतोल सांगणारा ग्रंथ झाला. बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. दुसरं तोंड शंभरपट मोठं केलं तर तिथे शंभरपट जोर मिळतो, मात्र सरकायचं अंतर तेवढंच कमी होतं. ग्रंथ छापला गेला 1663 मध्ये; तो बघायला पास्कल नव्हता.

1654 च्या नोव्हेंबरमधल्या एका रात्री आलेल्या धार्मिक अनुभवानंतर त्याचं मन देवाधर्माकडे वळलं. त्या रात्री लिहिलेला कागद त्याने कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला होता, तो मृत्यूनंतर सापडला. तरी लोकांच्या सोयीचा विचार सुटला नाही. मार्च 1662 मध्ये त्याच्याच कल्पनेतून पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गावरून, ठरलेल्या भाड्यात धावणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या. आपल्या एस.टी.ची पणजीच म्हणा ना! पाचच महिन्यांनी, 19 ऑगस्टला तो गेला. वय 39.

आता आमची गाडी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. जुनं झालं की त्यात पाणी असतं, आणि घाटात ब्रेक तापले की त्याची वाफ होते. दाब वाफेतूनही पोचतो, पण वाफ दबते. पायाची सगळी चाल ती दाबण्यातच संपते आणि दाब वाढतच नाही. थंड झालं की वाफेचं परत पाणी, पेडल परत कडक. म्हणूनच ते आपोआप नीट झालं होतं, आणि म्हणूनच फसवं होतं.

चुलतभावाने सुचवलं, मोठा मास्टर सिलिंडर टाकू, पेडल खाली जाणार नाही. मी वहीत हिशोब मांडला: बोअर 20 मिलिमीटरचा 22 केला तर एरिया 21 टक्के वाढतो, म्हणजे पायाचा जोर तेवढाच असताना दाब सुमारे 17 टक्के घटतो. पेडल कडक लागलं असतं, पण गाडी थांबायला पाय जास्त दाबावा लागला असता! मेस्त्रीकाका म्हणाले, पोरगी बरोबर बोलतेय. मग त्यांनी मागच्या चाकाचा गळका सिलिंडर, पुढचे पॅड आणि फुगलेले रबरी होज बदलले. नवं ऑइल भरून चारी चाकांची एअर काढली. पेडल मारायला गाडीत मी होते, निपल उघडायला खाली काका.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा आंबा घाट उतरलो. या वेळी बाबा सुरुवातीपासूनच खालच्या गिअरमध्ये होते आणि आई चक्क झोपली होती.

तुमच्याही घरी जुनी गाडी असेल तर आज रात्री फोन करून एवढंच विचारा, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? दोन वर्षं उलटून गेली असतील तर पुढच्या घाटाची वाट बघू नका.