मेंदूच्या शस्त्रक्रियेला संयम शिकविणारे डॉ. कुशिंग

मेंदूवरील नियोजित शस्त्रक्रियेनंतर रुग्ण कितपत सावरेल, हे केवळ शल्यविशारदाच्या हस्तकौशल्यावर ठरत नाही. भूल, रक्तदाब, रक्तस्राव आणि जखमेची शिवण यांचाही त्यात वाटा असतो. आज सर्वमान्य असलेला हा विचार रुजविण्याचे मोठे श्रेय अमेरिकी शल्यविशारद डॉ. हार्वे कुशिंग यांना जाते.

८ एप्रिल १८६९ रोजी ओहायोतील क्लीव्हलँड येथे डॉक्टरांच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. हार्वर्डमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेत असताना त्यांनी ईथरची भूल दिलेला एक रुग्ण शस्त्रक्रियेच्या वेळी दगावला. वैद्यकी सोडावी, असेही त्यांच्या मनात आले. मात्र, त्याच धक्क्यातून त्यांनी सहाध्यायी अर्नेस्ट कॉडमन यांच्यासह भूल चालू असताना नाडी व श्वसनाची नोंद ठेवणारे तक्ते तयार केले.

पुढे युरोपच्या दौऱ्यात, कवटीतील दाब वाढला की रक्तदाबही चढतो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखविले. शस्त्रक्रियेनंतरच्या धोक्याची ही खूण आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. १९०१ साली इटलीत पाहिलेले रिव्हा-रोची यांचे रक्तदाबमापक त्यांनी अमेरिकेत आणले.

झटपट शस्त्रक्रिया हीच थोरवी मानली जाण्याच्या काळात कुशिंग तासन् तास सावकाश काम करीत. बारीक रक्तवाहिन्या बंद करण्यासाठी त्यांनी १९११ मध्ये चांदीचे चिमटे वापरात आणले. १९२६ मध्ये विल्यम बोव्ही यांच्या विद्युत उपकरणाने रक्तस्राव रोखला. टाळूची जखम ते थराथराने शिवत. परिणामी, युरोपातील नामांकित रुग्णालयांत मेंदूच्या गाठीचे एकतृतीयांशाहून अधिक रुग्ण दगावत असताना, कुशिंग यांच्याकडील मृत्यूचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आले.

सहकाऱ्यांना ते कठोर वाटत. स्वतःलाही त्यांनी सवलत दिली नाही. १९२६ मध्ये थोरला मुलगा मोटार अपघातात गेल्याचे कळल्यावरही त्यांनी त्या दिवशीची ठरलेली शस्त्रक्रिया पार पाडली. १९३१ मध्ये त्यांनी मेंदूच्या गाठीच्या दोन हजाराव्या रुग्णावर शस्त्रक्रिया केली.

७ ऑक्टोबर १९३९ रोजी न्यू हेवन येथे त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात त्यांच्याही मेंदूत एक लहानशी गाठ आढळली. त्यांनी जपलेले रुग्णांचे नमुने व नोंदी येल विद्यापीठात आहेत. शस्त्रक्रियेच्या मेजापाशी ठेवला जाणारा भुलीचा तक्ता मात्र जगभर त्यांची आठवण जागवितो.