कायदा कळलेला सभापती : विसापूरचे वि. स. पागे

विश्रामबाग (सांगली) : आमदार-खासदार ज्या कायद्याला हात वर करतात, तो कायदा त्यांना खरंच कळलेला असतो का? निवडणूक आली की पारावर, चहाच्या टपरीवर हा प्रश्न हमखास निघतो. बरेच जण हसून सोडून देतात. पण आपल्याच जिल्ह्यात असा एक माणूस होऊन गेला की त्याला कायदा नुसता कळलाच नव्हता, तर तो कायदा त्याच्याच डोक्यातून निघाला होता. ते म्हणजे तासगाव तालुक्यातील विसापूरचे विठ्ठल सखाराम पागे, रोजगार हमी योजनेचे जनक.

नवीन पोरांना रोजगार हमी माहीत आहे, पागे माहीत नाहीत. म्हणून हा लेख.

वकील, सत्याग्रही, सभापती

पागे यांचा जन्म 1910 चा. शिक्षणाने ते वकील. स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले, तुरुंगात गेले. संत साहित्याचा त्यांना मोठा नाद होता. राजकारणात असूनही राहणी साधी.

1960 साली महाराष्ट्र राज्य झालं आणि त्याच वर्षी पागे विधान परिषदेचे सभापती झाले. 1978 पर्यंत, म्हणजे सलग 18 वर्षं ते त्या खुर्चीवर होते. एवढ्या काळात किती विधेयकं त्यांच्यासमोरून गेली असतील, याचा हिशोब वाचकांनीच करावा.

विधेयक म्हणजे कायद्याचा कच्चा मसुदा. तो सभागृहात मांडला जातो, त्यावर चर्चा होते, मग एकेक कलम मताला टाकलं जातं आणि शेवटी सगळं विधेयक मंजूर होतं. बहुतेक वेळा मतदान आवाजी असतं. सभापती विचारतात, सदस्य होय म्हणतात, पुढचं कलम. कुणी वाचलंय, कुणी नाही, हे त्या आवाजात कळत नाही.

गंमत अशी की सभापतीला एरवी मत नसतं. दोन्ही बाजूंची मतं सारखी पडली तरच तो आपलं मत देतो. म्हणजे सगळ्यात जास्त विधेयकं ऐकणारा माणूस मत न देणारा! पण पागे नुसते ऐकत बसले नाहीत.

700 रुपयांचा हिशोब

तासगावचा पूर्व भाग, कवठेमहांकाळ, जत, आटपाडी हा पट्टा किती कोरडा होता ते जुन्या लोकांना सांगायला नको. पाऊस गेला की कामं गेली, आणि कामं गेली की माणसं गाव सोडून गेली. दुष्काळ पडला की सरकार खडी फोडायला लावायचं. पण आधी दुष्काळ जाहीर व्हायला पाहिजे. तोवर पोटाने थांबायचं कसं?

पागे यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. सरकारने 700 रुपये दिले तर आपल्या शेतात किती मजुरांना किती दिवस काम देता येईल, असं त्यांनी घरात पत्नीला विचारलं. शेत त्या बघत असल्यामुळे त्यांना मजुरीचा भाव पक्का माहीत होता. त्यांनी हिशोब सांगितला. तोच धागा धरून पागे यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना कळवलं की गरिबाला मदत वाटण्यापेक्षा काम द्या, आणि त्या कामातून जमीन सुधारा.

1960 च्या दशकाच्या अखेरीस याचा प्रयोग तासगाव तालुक्यात विसापूर भागात झाला. योजना आधी आपल्या बांधावर उतरली आणि कायदा नंतर मुंबईत लिहिला गेला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

1972 ला राज्यासाठी योजना जाहीर झाली आणि नेमका तो मोठा दुष्काळ पडला. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यात जवळजवळ 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. बांधबंदिस्ती, पाझर तलाव, रस्ते, विहिरी. आपल्या भागातले कितीतरी तलाव आणि रस्ते त्या काळातले आहेत.

योजना आणि कायदा यात फरक काय

दुष्काळ संपला तरी योजना सुरू राहिली. मग कायदा कशाला पाहिजे होता? इथे पागे यांची वकिली कामाला आली.

योजना चालते सरकारच्या आदेशावर. आज आदेश निघाला, उद्या तिजोरीत पैसे नाहीत म्हणून थांबला, तर तुम्ही कुणाकडे जाणार? विनंती करणार. कायदा असला की मात्र तो तुमचा हक्क होतो. मग साहेबाला काम का दिलं नाही, याचं उत्तर द्यावं लागतं.

1977 च्या अखेरीस रोजगार हमीचं विधेयक दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केलं. परिषदेच्या खुर्चीवर तेव्हा पागेच होते. आणि मुख्यमंत्री होते आपले वसंतदादा पाटील. एक वकील, तर दुसऱ्याची शाळा लवकर सुटलेली. पण दोघेही दुष्काळी मुलखाच्या शेजारचे. कायदा कळायला पदवीच लागते असं नाही, हे या जोडीकडे बघून पटतं. हा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला.

या कायद्यातला एक शब्द बघा. हमी दिली ती ग्रामीण भागातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला. कुटुंबाला नव्हे. म्हणजे घरात नवरा, बायको, सासू असे तिघं असतील तर तिघांनाही आपापल्या नावावर काम मागता येईल. बाईला नवऱ्याच्या नावाची गरज नाही. पुढे 2005 मध्ये केंद्राने देशासाठी असाच कायदा केला, तेव्हा हमी दिली एका कुटुंबाला वर्षात 100 दिवसांची. व्यक्ती आणि कुटुंब, फरक एका शब्दाचा. पण त्या एका शब्दावर घरातल्या किती जणांची मजुरी अवलंबून असते ते मजुरी करणाऱ्यालाच विचारा.

तसंच दुसरं. कायद्यात सरकार काम देईल असं लिहिलं तर ते बंधन. काम देऊ शकेल असं लिहिलं तर ती मर्जी. मत देणाऱ्याने वाचलं नाही तर हा फरक त्याच्या हाताखालून निघून जातो.

पैसा कुठून आला

नुसती हमी देऊन भागत नाही, पैसा लागतो. त्यासाठी 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरात पगार घेणारा, धंदा करणारा माणूस थोडा कर देईल, तेवढीच भर सरकार घालील आणि खेड्यातल्या मजुराला काम मिळेल, असा हा मेळ. आज विश्रामबागच्या कॉलेजात किंवा बँकेत नोकरी करणाऱ्याने आपली पगाराची चिठ्ठी काढून बघावी. व्यवसाय कर कापलेला दिसेल. तो कशासाठी सुरू झाला हे किती जणांना माहीत आहे? दुकानदारांच्या घरपट्टीच्या बिलातही रोजगार हमी कर असतो. शहराने दुष्काळी खेड्याला दिलेला हा हात आहे, आणि तो कायद्याने बांधलेला आहे.

आज काय

आजच्या आमदाराला सगळा दोष देणंही बरोबर नाही. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून पक्षाचा व्हिप मोडला तर पद जाऊ शकतं. मत कुठे द्यायचं हे पक्ष ठरवतो, मग वाचायचं कशाला, अशी सवय लागते. त्यात गोंधळात काही मिनिटांत विधेयकं मंजूर होतात. शेतकऱ्याला मात्र तो कायदा वर्षानुवर्षं भोगावा लागतो. सातबारा, पाणीपट्टी, बाजार समिती, पीक विमा, सगळीकडे कुठला ना कुठला नियम आडवा येतोच.

पागे 1990 मध्ये गेले. मुंबईत विधिमंडळाचं संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे, त्याला त्यांचं नाव दिलेलं आहे. सभागृहाचं काम कसं चालतं हे जिथे शिकवलं जातं, तिथे विसापूरच्या माणसाचं नाव असावं, हे योग्यच झालं.

रोजगार हमीत गडबडी झाल्या, खोट्या हजेऱ्या लागल्या, मजुरी महिनोन्‌महिने अडकली, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. योजनेची नावं, दिवस, नियम बदलत आले. तरी काम मागणं हा हक्क आहे, भीक नाही, हे पहिल्यांदा कागदावर आलं ते आपल्या तासगाव तालुक्यातल्या प्रयोगातून.

म्हणून मंडळी, काम मागायचं असेल तर तोंडी मागू नका. लेखी अर्ज द्या आणि तारीख घातलेली पोच घ्या. पोच नसेल तर कायदा तुमच्या बाजूने असूनही उपयोग होत नाही. आणि पुढच्या वेळी मत मागायला कुणी दारात आला, तर रस्ता-गटार जरूर विचारा. पण मागच्या अधिवेशनात तुम्ही कुठल्या विधेयकाला हात वर केला, आणि त्यात आमच्यासाठी काय लिहिलं होतं, हेही विचारा. दोन-चार गावांनी विचारलं तरी पुढच्या अधिवेशनाआधी एखादा तरी वाचून जाईल.