जमिनीच्या कलाने चालणारा डॉक्टर

गोव्यात गोल्फचे नाव निघाले की खेळाआधी जमिनीची आणि पाण्याची चर्चा सुरू होते. तेरेखोलच्या ग्रामस्थांनी गोल्फ प्रकल्पाला केलेला विरोध अनेकांच्या स्मरणात असेल. गोल्फ मैदानाची आखणी हे एक स्वतंत्र शास्त्र आहे. जमिनीला आपल्या मनाप्रमाणे वाकवायचे की तिच्या कलाने जायचे, हा प्रश्न त्या शास्त्राच्याही मुळाशी आहे. या प्रश्नाचा आयुष्यभर पाठपुरावा करणारे डॉ. अलिस्टर मॅकेंझी आजही जगातील श्रेष्ठ गोल्फ रचनाकारांत गणले जातात.

त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८७० रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, नॉर्मंटन येथे झाला. वडील मूळचे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले आणि पेशाने डॉक्टर. अलिस्टर यांनीही केंब्रिजमध्ये शिक्षण घेऊन वैद्यकीचा मार्ग धरला. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात ते ब्रिटिश फौजेबरोबर शल्यचिकित्सक म्हणून गेले. तेथे जखमींवर उपचार करता करता एका वेगळ्याच गोष्टीने त्यांचे लक्ष वेधून घेतले. संख्येने थोडे असलेले बोअर शेतकरी बलाढ्य फौजेला जेरीस आणत होते, कारण त्यांचे खंदक दिसतच नसत. मातीचा रंग, उंचवट्याची वळणे आणि झुडपांच्या सावल्या यांत ते बेमालूम मिसळून गेलेले असत.

मध्य प्रदेशातील बालाघाट आणि मंडला या जिल्ह्यांत पसरलेल्या कान्हाच्या जंगलात ज्यांनी वाघ पाहिला आहे, त्यांना हे सहज उमजेल. वाळलेल्या गवतात उभा असलेला वाघ चार पावलांवर असूनही नजरेत भरत नाही. निसर्गात सरळ रेघ नसते आणि जिथे सरळ रेघ दिसते तिथे माणसाचा हात ओळखू येतो, ही खूणगाठ मॅकेंझी यांनी युद्धभूमीवर बांधली. तीच पुढे त्यांच्या कलेचा पाया ठरली.

लीड्सला परतल्यावर वैद्यकीपेक्षा गोल्फमध्येच त्यांचे मन अधिक रमू लागले. त्या काळी इंग्लंडमधील अनेक मैदाने घोड्यांच्या अडथळा शर्यतीसारखी आखलेली होती. वाटेत आडव्या भिंती, भूमितीच्या वहीतून उतरवल्यासारखे बंकर म्हणजे वाळूचे खड्डे आणि चुकणाऱ्याला हमखास शिक्षा, असा त्यांचा खाक्या होता. १९०७ मध्ये लीड्सजवळच्या अल्वुडली क्लबच्या मैदानाची आखणी मॅकेंझी यांनी केली. त्यांच्या कल्पना काही सदस्यांना विचित्र वाटल्या. तेव्हा सल्ल्यासाठी बोलावलेले ख्यातनाम रचनाकार हॅरी कोल्ट यांनी मात्र त्या उचलून धरल्या. १९१४ मध्ये कंट्री लाइफ नियतकालिकाच्या आखणी स्पर्धेत पहिला क्रमांक मिळाल्यावर मॅकेंझी यांचे नाव सर्वदूर पोहोचले.

पहिल्या महायुद्धात त्यांनी वैद्यकीय सेवेऐवजी अभियंत्यांच्या दलात राहून लपणकलेचे काम पत्करले. युद्धानंतर, १९२० मध्ये, त्यांचे गोल्फ रचनेवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी आदर्श मैदानाची १३ तत्त्वे मांडली. मानवनिर्मित उंचवटे नैसर्गिक उंचवट्यांपासून वेगळे ओळखू येऊ नयेत, नवशिक्यालाही सुरक्षित वाट मिळावी, धाडस करणाऱ्याला त्याचे फळ मिळावे आणि हरवलेला चेंडू शोधण्याचा मनस्ताप कोणालाही होऊ नये, हा त्यांचा गाभा. गोल्फ हे प्रकृतीला हितकारक औषध आहे, असे हे डॉक्टर मनापासून मानत. त्यामुळे औषधाने रोग्याला छळू नये, ही त्यांची भूमिका ओघानेच आली.

त्याच पिढीतील डोनाल्ड रॉस यांनी अमेरिकेत शेकडो मैदाने आखली. पाइनहर्स्ट येथे रॉस यांनी उपड्या बशीसारखी हिरवळ घडवली, तिच्यावरून किंचित चुकलेला चेंडूही घरंगळून जातो. मॅकेंझी यांची शैली डोळ्यांना चकवणारी होती. त्यांचे बंकर वाऱ्याने कोरल्यासारखे वेडेवाकडे असत आणि दुरून भेदक दिसणारी अडचण जवळ गेल्यावर बाजूने वाट देई. १९२६ मध्ये ते ऑस्ट्रेलियात जेमतेम दोन महिने राहिले, पण रॉयल मेलबर्नसह अनेक क्लबांवर त्यांनी ठसा उमटवला. १९२८ मध्ये कॅलिफोर्नियातील सायप्रस पॉइंट मैदान खुले झाले. तेथे खडकाळ किनारा आणि उसळता समुद्र यांनाच त्यांनी खेळाचा भाग केले.

१९२९ मध्ये विख्यात खेळाडू बॉबी जोन्स जवळच्याच पेबल बीचवरील स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरले आणि मोकळ्या वेळात सायप्रस पॉइंटवर खेळले. त्या पराभवातून एक मोठा योग जुळून आला. जॉर्जियातील ऑगस्टा येथे एका जुन्या रोपवाटिकेच्या जागेवर मैदान उभारताना जोन्स यांनी मॅकेंझी यांना सोबत घेतले. इतर मैदानांवर शंभरावर बंकर असत, ऑगस्टात सुरुवातीला अवघे २२ होते. बाकीचे काम उतारांवर सोपवले होते.

मात्र तो जागतिक मंदीचा काळ होता. ऑगस्टा क्लबकडे पैसा नव्हता. ठरलेल्या मानधनाचा मोठा भाग मॅकेंझी यांना कधीच मिळाला नाही आणि अखेरची वर्षे त्यांनी ओढगस्तीत काढली. ६ जानेवारी १९३४ रोजी कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे त्यांचे निधन झाले. ऑगस्टाची पहिली स्पर्धा त्याच वर्षी मार्चमध्ये झाली. आज मास्टर्स या नावाने जग ती पाहते, पण गवत रुजलेले ते मैदान पाहणे काही तिच्या रचनाकाराच्या नशिबी नव्हते.

सामान्य खेळाडूचा विचार करणाऱ्या या माणसाची सर्वांत गाजलेली मैदाने मूठभर धनिकांच्या कुंपणाआड राहिली, हा त्यांच्या कारकिर्दीतला सल. त्याला एक अपवाद आहे. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मालकीचे शार्प पार्क हे मैदान १९३२ मध्ये खुले झाले आणि तेथे आजही कोणीही माफक शुल्क भरून खेळू शकतो. पण किनाऱ्यालगतच्या खाजणाशेजारी उभ्या राहिलेल्या या मैदानाला वादळांनी झोडपले. पुढे दुर्मीळ बेडकांच्या अधिवासावरून त्याचा वाद न्यायालयापर्यंत गेला. जमिनीचे ऐकण्यात ज्याची हयात गेली, त्यालाही तेथे पाण्याचे म्हणणे पुरते ऐकू आले नसावे. पठारे आणि खाजणे यांच्यामध्ये वसलेल्या गोव्याने मॅकेंझी यांच्या कलेबरोबर त्यांची ही चूकही ध्यानात ठेवायला हवी.